गटात चौघे, विहिरीवर मी

ती. काळूमामा यांना वैशाखऱ्याहून समीक्षाचा वाकून नमस्कार. (वाकले आहे, पण दात खाऊन.) तुमचा गुडघा, मामीचा खोकला आणि व्यायलेली म्हैस, सगळं ठीक असेल असं धरून चालते. तुमच्या पाड्यावर फोन लागत नाही, आणि लागला तर मामी काढून घेते, म्हणून लिहिते.

तुमचा हरेश कॉलेजसाठी आमच्याकडे राहतो, जेवतो, झोपतो. त्याबद्दल तक्रार नाही. (झोपण्याबद्दल थोडी आहे.) पण आमच्या वर्गाच्या मॅडमनी गावातल्या विहिरींचा अभ्यास करायला आमचा गट केला: मी, हरेश, सोनाली आणि दीपेश. विहिरी आमच्या गावच्या, म्हणून सोनाली आणि दीपेश म्हणाले, "तुमच्या घरचंच काम हाय." हरेश म्हणाला, "सावड समज गो." मामा, सावडीत आज तुझं शेत, उद्या माझं. इथे शेत चौघांचं आणि राबायला मी एकटी! उन्हात दोरी सोडून पाणी मोजलं मी, पाणी भरणाऱ्या बायांना विचारून लिहिलं मी. हरेशला उठवायला गेले तर आई माझ्यावरच धावली, "माझ्या भावाचा पोरगा हाय. पाव्हण्याला राबवतेस काय?"

वर्गात वाचून दाखवायला मात्र हरेश पुढे. वाचताना अडखळला, तेव्हा मॅडमना संशय आला. त्यांनी एकेकाला आत बोलावून विचारलं, काम कोणी केलं? सोनाली म्हणाली, सगळ्यांनी. दीपेशचं तेच. मीही जीभ चावत म्हणाले, "सगळ्यांनी मिळून." घरचा माणूस, चार लोकांत उघडा कसा पाडायचा? शेवटी हरेश आत गेला आणि म्हणाला, "मॅडम, मी काय पण नाय केलं. सगळं समीक्षाने केलं."

खोटं बोललो म्हणून आम्हा तिघांचे गुण कापले. हरेशला खरेपणाबद्दल पैकीच्या पैकी! मी भांडले, तर मॅडम म्हणाल्या, "सांभाळून घेणं म्हणजे झाकणं नव्हे." मामा, आपल्या घरात पोरींना सांभाळून घेण्याशिवाय दुसरं काय शिकवलंय? आणि संध्याकाळी आईने हरेशच्या गुणांसाठी कोंबडी कापली!

त्याला काय शिक्षा करायची ते तुम्हीच ठरवा. मामीला नमस्कार.

तुमची (अजून तरी) भाची,
समीक्षा

ता. क. तंगडी हरेशने आपणहून माझ्या ताटात टाकली. मी खाल्ली.

आणखी एक. पुढचा गट आमचा आम्हीच निवडायचा आहे. हरेशला माझ्या गटात यायला सांगा. मी विचारलं तर शेफारेल. शिक्षेचं मग सावकाश बघा.