नळीचं तोंड

प्रिय ठमाबाई,

औषधांच्या दुकानात तुझं बस्तान बसलं, असं मागेच आईकडून कळलं. बरं वाटलं. इथे परवापर्यंत माझं तेच चालू होतं: नऊला शस्त्रागारात शिरायचं, दार आतून लावायचं, गजांची एकुलती खिडकी, तेलाचा वास आणि ओळीने उभ्या नेमबाजी क्लबच्या बारा रायफली. नव्या पोरांना मी तुला शिकवलं तेच शिकवायचो. नळी मागच्या बाजूने, गोळीच्या वाटेने पुसायची. तोंडाकडून सळई कधीही घालायची नाही. तिथली कड जरा जरी खरचटली तर गोळी भरकटते. पुसल्यावर चार-पाच गोळ्या झाडून नळीला स्थिरावू द्यायचं, मगच नेम धरायचा. पोरं माना डोलवायची.

ठमे, तुझ्या निवड चाचणीच्या आदल्या दिवशी तुझ्या रायफलीत पुसायचा बोळा अडकला. तू घरी गेली होतीस. मागून तो हलेना, तेव्हा मी वैतागून लोखंडी सळई तोंडाकडून घातली आणि ठोकून काढला. तीस वर्षं दुसऱ्यांना ज्यासाठी रागावलो, तेच केलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या गोळ्या एकाच अंगाला फाकत गेल्या. मला तिसऱ्या गोळीलाच कळलं. प्रशिक्षक म्हणाले, "पोरीचा हात थरथरतो." तू माझ्याकडे वळून विचारलंस, "बाबा, रायफल ठीक आहे ना?" आणि मी म्हणालो, "रायफलीला काय धाड भरलीय?"

संध्याकाळी नळीच्या तोंडावरून कापूस फिरवला, तर त्याचे तंतू अडकले. ती रायफल मी मागच्या रांगेत सरकवली. बोललो असतो तर नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर क्वार्टरही. आज सांगू, उद्या सांगू करत दोन वर्षं गेली. तू नेमबाजी सोडलीस, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागलीस. आई म्हणायची, "अहो, तिला समजवा ना." मी उठून बाहेर जायचो; बाहेर म्हणजे कुठे, तर पुन्हा त्याच खोलीत.

गेल्या सोमवारी मी रजेवर असताना ती रायफल एका नव्या मुलीच्या हाती गेली. मंगळवारी आलो, तर तिच्या गोळ्याही तशाच फाकत होत्या आणि प्रशिक्षक तिलाही तेच ऐकवत होते. ती खाली मान घालून उभी होती. मग मात्र मला राहवलं नाही. रायफल टेबलाला बसवलेल्या लोखंडी शिकंज्यात घट्ट आवळली आणि सगळ्यांसमोर दहा गोळ्या झाडल्या. माणसाचा हात लागलाच नव्हता, तरी दहाही एकाच अंगाला. त्याच दुपारी सगळं लेखी दिलं. मला कामावरून काढलंय, महिनाअखेर घर रिकामं करायचंय. आई अजून माझ्याशी बोलत नाही.

हे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. क्लबच्या समितीने तुझी चाचणी पुन्हा घ्यायचं कबूल केलंय, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला. यायचं की नाही, ते तू ठरव. माफी मागायला मला तोंड नाही. आलीस तर मी दिसणार नाही, आवारात मला बंदी आहे. तुला नवी रायफल मिळेल. ती कुणीही दिली, कितीही मायेने दिली, तरी नळी आधी स्वतः तपासून घे.

तुझाच,
बाबा