दुसरी बाजू उलट

४ ऑक्टोबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

मागची खोली रिकामी केली. तुझ्या भावोजींची जुनी मासिकं माळ्यावर गेली, त्यावरून ते दोन दिवस तोंड फुगवून बसले, पण खोली झाली. रंगही दिला, फिकट पिवळा. तुला विचारलं नाही, कारण विचारलं की तू कुठलाही चालेल म्हणतेस. आता डिसेंबरअखेर जागा सोडतेय असं घरमालकिणीला सांगून टाक आणि सरळ इकडे ये.

तुझे यजमान जाऊन दीड वर्ष झालं. पेन्शनीत भाडं भागत नाही, हे तू सांगत नसलीस तरी मला कळतं. त्यात तुझा भित्रेपणा. कंडक्टरला थांबवा म्हणायचा धीर होईना म्हणून दोन स्टॉप पुढे जाऊन चालत परत येणारी बाई तू, एकटी कशी निभावणार? तोवर हाताला काहीतरी चाळा ठेव. लहानपणी मी शिकवलेलं विणकाम काढ बाहेर.

आशीर्वाद आहेतच, उत्तर तेवढं लवकर पाठव.
तुझी ताई

१९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. यातला शेवटचा 'वि' सध्या विणकामाचा समज.

घरमालकिणीला अजून सांगितलं नाही. तिला सर्दी झालीय. बरी झाली की सांगते.

तुझं ऐकून सुया बाहेर काढल्या. वाचनालयाच्या वरच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी बायका विणायला जमतात, दुकानांच्या ऑर्डरीही घेतात, अशी पाटी दिसली. दोनदा अर्धा जिना चढून परत फिरले. तिसऱ्यांदा मागून एक बाई चहाची भलीमोठी किटली घेऊन आल्या, जरा धरा म्हणाल्या आणि किटली माझ्या हातात देऊन पुढे निघून गेल्या. मग काय, वर जावंच लागलं. त्याच मंडळ चालवतात. आधी नर्स होत्या, सगळ्या त्यांना सिस्टर म्हणतात.

पण एक पंचाईत झाली. मी चार ओळी विणल्या आणि शेजारची हसायला लागली. माझा हात म्हणे सगळा उलटा चालतो. सगळ्यांचे टाके डाव्या सुईवरून उजवीवर जातात, माझे उजवीवरून डावीवर. स्वेटरवर वेणीची नक्षी घातली, तर तिचा पेडही माझा भलतीकडे वळतो. चौदाजणी माझ्या हाताकडे बघत होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ताई, तू मला असं कसं गं शिकवलंस?

सिस्टरांनी मला लोकरीचे गुंडे करायला बसवलंय. तेही बरंच आहे.

लोभ आहेच, त्याचा टाका गळू देऊ नकोस.
तुझी बारकी

२ नोव्हेंबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, आणि कान उपटायला हात शिवशिवतोय तो वेगळा.

मी कशाला उलटं शिकवेन? माझ्या हातच्या स्वेटरला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. तूच काहीतरी उफराटं धरलं असशील. लहानपणी चपलाही उलट्याच घालायचीस.

आणि गुंडेच करायचे तर इथे येऊन माझे कर. घरमालकिणीची सर्दी पंधरा दिवस टिकते होय? पडद्याचं कापड आणायचंय. निळं की फुलाफुलांचं, ते कळव. कुठलंही चालेल असं लिहिलंस तर मी जांभळं आणेन.

भावोजी खुशाल आहेत, मासिकांचा राग गेलाय.
तुझी ताई

२४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय, तेव्हा खाली बसून वाच.

मंडळाला लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानाची मोठी ऑर्डर आली. पुढून उघडे स्वेटर, दोन्ही बाजूंना वेणी, दोन्ही वेण्या बटणांकडे वळलेल्या. सिस्टरांनी उजव्या बाजूची वीण कागदावर ओळीने लिहून दिली आणि खाली लिहिलं, 'दुसरी बाजू उलट विणावी.' त्यांना म्हणायचं होतं, आरशात दिसते तशी. पण विणणाऱ्या बाईला उलट म्हटलं की उलट टाकाच दिसणार ना! सगळ्याजणींनी दुसरी बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत उलट टाक्यांनी विणून आणली. एकीकडे देखणी वेणी, दुसरीकडे नुसती खडबड. प्रत्येकीला वाटलं, ही नवी फॅशन असेल.

दुकानवालीने कपाळाला हात लावला. पंधरा दिवसांत नीट करून द्या, नाहीतर ऑर्डर रद्द, असं सांगून गेली. सिस्टर नवा कागद लिहायला बसल्या, पण डावं-उजवं करता करता त्यांचाच गोंधळ उडाला. सगळ्या एकदम बोलत होत्या. मी कोपऱ्यात गुंडा घेऊन बसलेली, आणि मला उपाय दिसत होता. मी उभी राहिले. नवा कागद नको, जुनाच मला द्या म्हटलं. माझा हातच उलटा आहे, तर त्याच कागदावरून माझ्याकडून आपोआप दुसरी बाजू होईल.

कुणाला पटेना. मग तिथेच एक बाजू विणायला घेतली आणि शुक्रवारी ती त्यांच्या बाजूशेजारी ठेवली. दोन्ही वेण्या एकमेकींकडे बघत होत्या. ताई, सिस्टरांनी मला किटलीतला पहिला कप दिला.

आता उजव्या बाजू त्यांच्या आणि डाव्या सगळ्या माझ्या. ऑर्डर वेळेत गेली, दुसरी आलीय. पेन्शनीत ही कमाई घातली की भाडं निघतं. शुक्रवारी मी नवशिक्यांनाही शिकवते. उजव्या हाताच्या बायकांना मी समोर बसवते, दोन डावऱ्या आहेत त्यांना शेजारी.

परवा घरमालकिणीकडे गेले ती जागा सोडते हे सांगायला. जिन्यात वाक्य पाठ केलं होतं. आणि तोंडातून निघालं की मी राहतेय. ती बरं म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी जिन्यातच उभी राहून हसत सुटले.

रागावू नकोस. खोली तू किती मायेने केलीस ते मला माहीत आहे. पण मला इथे राहायचंय. सोबत एक डावी बाजू पाठवतेय, तुझ्यासाठी. पडदे निळे आण.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी बारकी

११ डिसेंबर

मास्तरीणबाईंस,
सा. न. वि. वि.

हो, बरोबर वाचलंस. थोरलीने धाकटीला नमस्कार घातलाय.

आधी रागावले, खोटं कशाला सांगू. तुझं पत्र डाळीच्या डब्याखाली दडपलं आणि दोन दिवस भावोजींशीही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुझी ती डावी बाजू घेऊन बसले. वीण माझी, पेडाचे टाके मोजायची रीत माझी, आणि सगळं उलट. मग सुया घेऊन आरशासमोर बसले आणि विणायला लागले. आरशात तुझे हात होते गं, बारके. हुबेहूब.

तेव्हा आठवलं. मी तुला समोर बसवून शिकवलं होतं. शेजारी घ्यायला हवं होतं, आईनेही तेच सांगितलं होतं. पण टाका गळला की तू आवाज न करता रडायचीस. शेजारी बसले असते तर मला कळलंच नसतं. तुझं तोंड दिसावं म्हणून समोर बसले.

तेव्हा चूक माझीच. पण तिच्यावर तुझं भाडं निघतंय म्हटल्यावर मी काही माफी मागत नाही.

निळे पडदे लावलेत. खोली तुझीच, सुट्टीला येशील तेव्हाची. त्याआधी येत्या शुक्रवारी मीच येतेय. मलाही ती डावी बाजू शिकायचीय, तेव्हा नवशिक्यांत एक जागा धर. डावी बाजू शिकायला शेजारची बरी, ते कळतं मला, पण धर तुझ्यासमोरचीच.

लोभ आता तुम्हीच ठेवायचा, बाई.
तुझी ताई