दोर हलला की

शनिवार, १८ जानेवारी

पोचलो एकदाचे! बहरैनहून दुबईपर्यंत विमान, तिथून भाड्याची गाडी, ओमानच्या चौकीवर शिक्क्यांसाठी रांग, आणि खसबला गाडी ठेवून लाँचने इथे लहबूनला. याकूबने अर्धी वाट गाणी म्हटली आणि उरलेली अर्धी वाट माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवली. लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे पहिल्यांदा बाहेर पडलोय. एरवी सासूबाई, नणंदा, त्यांची पोरं असं सगळं लटांबर बरोबर असतं आणि माझी सुट्टी मासे तळण्यात जाते. या खेपेला मी बजावून सांगितलं होतं की कयाक दोघांचीच असते, तिसऱ्याला जागा नाही. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. त्याचीही मजाच वाटली.

लहबून म्हणजे कड्याच्या पायथ्याशी मूठभर घरं. समोर खोर, डोंगरांच्या आत घुसलेलं समुद्राचं लांबट पाणी, हिरवंगार आणि स्वच्छ. आमचे यजमान बू हमदान, म्हणजे हमदानचे वडील, सत्तरी ओलांडलेले आहेत. हातात इथल्या रिवाजाची छोट्या कुऱ्हाडीची काठी, आणि बोलणं मोजकंच. खोली नीटनेटकी आहे, चादरी स्वच्छ आहेत. त्यांच्याकडे एक तिशीचा उबैद आहे, त्याने आमच्यासाठी ठेवलेली कयाक एकट्याने उचलून किनाऱ्यावर आणली. मला वाटलं हाच हमदान, म्हणून मी तशी हाक मारली, तर हसून म्हणाला, मी उबैद. त्याने सगळ्यांना करक चहा दिला, स्वतः मात्र घेतला नाही.

बू हमदानांची एकच अट आहे. या खोरात गळ टाकायचा नाही, नांगर टाकायचा नाही, कसलाही दोर पाण्यात सोडायचा नाही. याकूब म्हणाला, ‘काका, कोळ्याच्या गावात गळ टाकू नका म्हणजे हलवायाच्या दुकानात बसून उपास करा म्हणण्यासारखं झालं!’ म्हातारबुवा हसले नाहीत.

रविवार, १९ जानेवारी

खांदे दुखतायत आणि मन भरून आलंय. सकाळी निघालो ते दुपारपर्यंत वल्हवत होतो. कड्यांवर शेळ्या अशा उभ्या की खाली कशा उतरत असतील कोण जाणे. डॉल्फिन अगदी वल्ह्याच्या अंतरावर आले. याकूब पुढे बसतो आणि मी मागे. म्हणजे वल्हवते मी आणि देखावा बघतो तो. हे मी बोलून दाखवलं तर म्हणाला, ‘मास्तरीणबाई, वर्गावर लक्ष ठेवायचं तर मागेच बसावं लागतं.’

खोराच्या टोकाला एक ओस पडलेली वाडी आहे आणि तिच्याखाली पायरीसारखा सपाट खडक. त्यावर बसून खुबूस रोटी आणि चीज खाल्लं. खडकाच्या कडेला पाणी एकदम खोल होतं. ते बघून याकूबला आजोबा आठवले, आणि आजोबा आठवले की तासाची निश्चिंती. मोत्यांच्या गलबतांवर त्याचे आजोबा सैब होते. पाणबुड्या खाली जायचा आणि हे वर त्याचा दोर धरून बसायचे. पाणबुड्या खाली असेपर्यंत सैबने बोलायचं नाही, खायचं नाही. आणि ओढायला लागला की मागे वळून बघायचं नाही, गलबताला आग लागली तरी. एका माणसाचा जीव त्याच्या मुठीत असतो. या घराण्यात अजून दोर हलला की हात आपोआप जातो. आमच्या लग्नात मांडवाचा दोर वाऱ्याने हलला तर याच्या काकांनी तो ओढून मांडव पाडला होता, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. नवरदेव त्या कापडाखाली हसत बसला होता.

सोमवार, २० जानेवारी

आज याकूबने हट्ट धरला. त्याच खडकावरून आजोबांसारखी बुडी मारायची, आणि सैब मी. मी बू हमदानांच्या अटीची आठवण दिली. तो म्हणाला, म्हातारा उंटावरचा शहाणा आहे, त्याला त्याच्या जाळ्यांची काळजी. कयाकचा ओढदोर त्याने कमरेला बांधला, पायात दगड अडकवला, आणि मला बजावलं: दोन झटके दिले की ओढ, एकावर नाही, तीनावर नाही.

तो गेला. पाणी इतकं नितळ की बराच वेळ त्याचं डोकं दिसत होतं, मग दिसेनासं झालं. मला वाटलं होतं त्याहून फार लवकर दोर ताणला गेला. एकच झटका, लांबलचक, कुणी तोल सांभाळायला धरावं तसा. दोन नव्हते. पण नवऱ्याचा जीव आपल्या मुठीत असताना मोजत कोण बसतं? मी ओढलं. जड होता, फार जड, मग एकदम हलका झाला, आणि याकूब वर आला. खडकावर बसला. धापही लागली नव्हती. मी म्हटलं, काय रे, मोती कुठेत? तो म्हणाला, नाही मिळाले. एवढंच.

येताना तोच वल्हवत होता, न थांबता.

मंगळवार, २१ जानेवारी

याकूब कालपासून शहाण्यासारखा वागतोय. अंथरूण आवरलं. माझी चप्पल उन्हातून उचलून सावलीत ठेवली. जे म्हणेन त्याला ‘ठीक आहे’. मला तो माझ्या नावाने, ‘बदरिया’ अशी हाक मारतो. आमच्या लग्नानंतर त्याने मला या नावाने फक्त भांडताना हाक मारली आहे.

दिवसभर मला कुणी चिडवलं नाही आणि मला करमेना. दुसऱ्या कुणा बाईला सांगितलं तर म्हणेल, सुख टोचतंय हिला.

त्याने चहा घेतला नाही. जेवताना पाणी प्यायलं नाही. मी पेला पुढे केला तर त्यात बोटं बुडवून बघितली आणि पेला परत ठेवला. अंग सारखं ओलसर लागतं. ताप नाही, उलट गारच. बाधली असेल बुडी. उद्या खसबला डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर म्हणाला, ठीक आहे.

बुधवार, २२ जानेवारी



लाँच बंद होती, म्हणून डॉक्टरकडे जाणं राहिलं. याकूबला मोकळ्या हवेत बरं वाटेल म्हणून कयाक काढली. मी दिशा सांगितली नव्हती, तरी तो थेट त्या खडकाकडेच गेला. तिथे वळताना ओढदोर माझ्या पायाशेजारून घसरून पाण्यात पडला. मी तो काढायला वाकले.

दोर हलला. दोन झटके. स्वच्छ, मोजून दोन.

मी दोराकडे बघितलंच नाही. मी याकूबकडे बघितलं. दोराचं दुसरं टोक पुढच्या कडीला होतं, त्यामुळे तो त्याच्या मांडीला घासत होता. तो वळला नाही. त्याचा हात वल्ह्यावरच होता, निवांत.

पुन्हा दोन झटके. मग जोरात दोन, घाईचे. मग दोर सैल पडला.

त्या घरातला माणूस झोपेत असता तरी त्याचा हात हलला असता.

  मागे बसून सगळा रस्ता मी त्याच्या मानेकडे बघत राहिले. ऊन भाजून काढत होतं, आणि त्याच्या मानेवरचं पाणी वाळत नव्हतं.

गुरुवार, २३ जानेवारी

बू हमदानांना गाठलं. आधी काही केल्या बोलेनात. मी ओरडले तेव्हा काठी बाजूला ठेवून खाली बसले.

समोर उबैद मासळी साफ करत होता. बू हमदान म्हणाले, ‘हा माझा भाऊ आहे. माझ्याहून मोठा.’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

तरुणपणी जाळं अडकलं म्हणून उबैद खाली गेला होता, दोर बू हमदानांच्या हातात होता. यांनी ओढलं. वर आला तो हा. गुणी आहे, राबतो, कधी नाही म्हणत नाही, म्हातारा होत नाही. आणि खरा उबैद अजून खालीच. खालचा मरत नाही. पाण्यात दोर दिसला की हलवतो. ‘म्हणून म्हटलं होतं पोरी, दोर टाकू नका. मला ते बघवत नाही.’

मी म्हटलं, मग ओढून का नाही काढला भावाला? ते म्हणाले, खाली जागा रिकामी राहत नाही. एक वर आला की एक खाली जातो. पाण्यात असेल तो जातो, आणि पाण्यात कुणी नसेल तर काठावरचा. म्हणजे आधी याला परत पाठवायला हवं. मी म्हटलं, मग पाठवा की. ते रडायला लागले. म्हणाले, ‘इतकी वर्षं तो दोर हलवतोय आणि मी घरात बसून चहा पितोय. आता वर आला तर काय तोंड दाखवू त्याला?’

मला त्यांची दया आली नाही. आधी सांगितलं असतंत तर, असं म्हणून जे तोंडाला येईल ते बोलले. उबैदने मान वर करून मला विचारलं, ताई, पाणी आणू का?

माझा याकूब खाली आहे. सोमवारपासून.

मी म्हातारी होईपर्यंत थांबणार नाही. उद्याच.

शुक्रवार, २४ जानेवारी

सगळे जुम्म्याच्या नमाजाला गेलेत. आम्ही खडकावर पोचलो. मी त्याला म्हटलं, खाली जा. तो म्हणाला, ठीक आहे.

दोराचं एक टोक खडकाच्या सुळक्याला बांधलं, माझ्या हातांचा भरवसा नाही म्हणून. दुसरं त्याच्या कमरेला. त्याने हात वर करून मला बांधू दिलं. तोंड याकूबचं. गालावरचा तीळसुद्धा. रडू आवरेना.

उतरताना म्हणाला, ‘येईन परत. तुमच्या घरात दोर हलला की ओढतात ना?’

गेला.

—

काही नाही अजून. पाणी स्थिर आहे. वही काढली, नाहीतर वेड लागेल. एक लांब झटका आला. ओढलं नाही. पुन्हा एक. नाही. दात आवळून बसलेय.

दोन! दोन झटके —

—

आला. याकूब आला. माझा याकूब.

नखं फुटलीत, ओठ निळे, खोकून खोकून पाणी काढलं. बाटली तोंडाला लावली ती संपवूनच सोडली, मग माझीही घेतली. पहिलं वाक्य काय बोलावं माणसाने! ‘मास्तरीणबाई, किती वेळ लावलात? तुम्हाला सैब म्हणून ठेवणारं गलबत बुडालंच म्हणायचं.’ मी त्याला दोन चापट्या मारल्या आणि गळ्यात पडून रडले. अल्लाचे उपकार. उपकार.

त्याला वाटतंय तो आत्ताच बुडी मारून आला. काही सांगितलेलं नाही. आधी घरी पोचू दे, सासूबाईंच्या हातचं जेवू दे. पायात जोर नाही त्याच्या, थोडं बसून मग निघू. तो कडेला पाय सोडून बसलाय आणि मी मागे, त्याच्या पाठीला पाठ लावून. पाठ गरम लागतेय. लिहितेय कारण हात थांबत नाहीयेत आनंदाने.

एक काम राहिलंय. दोर त्याच्या कमरेचा सोडला तेव्हा टोक पाण्यात घसरलं. सुळक्याची गाठ भिजून आवळलीय, नखांनी सुटत नाही. सुरी नाही. राहू दे तसाच, कयाक दोराशिवायही —

तो विचारतोय, खाली आणखी कुणी आहे का गं?

दोर हलतोय. दोन झटके. त्या खालच्याला शिकवलं कुणी दोन —

त्याचा हात गेला.

सोड म्हणतेय. ओरडतेय मी. तो ओढतोय, मान खाली, ओठ मिटलेले, आजोबांसारखा. ऐकतच नाही. वाटतंय त्याला, कुणाचा तरी जीव —

पाण्यात कुणी नाही. काठावर —

माझे पाय घसरतायत. खडक कोरडा आहे आणि पाय — कुणी धरलेलं नाही आणि — कमरेपर्यंत पाणी

तो बघत नाहीये मागे

याकूब मागे बघ एकदाच मागे ब