ठिगळाखालचा शिक्का

प्रति,
मा. मुख्य पंच तथा अध्यक्ष, तक्रार समिती,
जलतरण स्पर्धा कार्यालय,
तरण तलाव इमारत, पहिला मजला.

अर्जदार : स्पर्धक क्रमांक अठरा यांचे सासरे. धंदा : पंक्चर काढणे व हवा भरणे.

विषय : सूनबाईंच्या पोहण्याच्या पोशाखावरील ठिगळ अर्जदाराने स्वहस्ते लावलेले असल्याने त्याची शिक्षा त्यांस न होता, उद्याच्या शर्यतीत त्यांस उतरू देणेबाबत.

संदर्भ : आज दुपारी तलावाच्या फलकावर लागलेली आपली सूचना.

महोदय,

आपल्याच कार्यालयाच्या दाराबाहेरील बाकावर बसून, उद्याची यादी फलकावर लागण्याच्या आत आपल्या हाती पडावा म्हणून, प्रस्तुत अर्जदार हा अर्ज लिहीत आहे. अक्षर घाईचे असले तरी मजकूर विचारपूर्वक आहे.

१. स्पर्धक क्रमांक अठरा या अर्जदाराच्या एकुलत्या एक सूनबाई होत. लग्नापूर्वी त्या पोहत असत. बाळंतपणानंतर पोहणे सुटले ते सुटलेच, असे सर्वांनी गृहीत धरले होते. परंतु बाळ चालू लागताच त्या पुन्हा पाण्यात उतरल्या. पहाटे त्यांस तलावावर सोडणे व मग दुकान उघडणे, हा अर्जदाराचा नित्यक्रम झाला आहे. उद्याच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्या पहिल्या तिघींत आल्यास त्यांस संघात घेऊ, असा शब्द त्यांच्या प्रशिक्षकांनी दिलेला आहे. आपल्या सूचनेनुसार आजचा निकाल रद्द झाला, उद्याच्या यादीतून नाव गेले आणि वरून एक वर्षाची बंदी आली. वर्ष म्हणजे आपल्या लेखी वर्षच असेल. घरात लहान मूल असलेल्या बाईस ते वर्ष पुन्हा मिळत नसते, हे आपणांस वेगळे सांगणे नलगे.

२. आता प्रत्यक्ष घटना. शर्यतीचा पोशाख सूनबाईंस एका मैत्रिणीने पोहणे सोडताना दिलेला आहे. तो इतका घट्ट आहे की अंगात चढविणे हे ट्रकचे टायर रिंगवर चढविण्याइतकेच जिकिरीचे काम होय. आज सकाळी कपडे बदलण्याच्या खोलीत तो वर ओढताना नख लागून पाठीमागे कमरेपाशी फाटला. अर्जदाराची सौभाग्यवती आत मदतीस होती, ती धावत बाहेर आली. सूनबाईंचा निरोप असा होता, “बाबांना सांगा, राहू दे. मी सरावाचाच घालते.” सरावाचा पोशाख जुना व सैल असून त्यात पाठीमागून पाणी भरते, हे अर्जदारास ठाऊक होते. म्हणून अर्जदार उत्तरला, “थांब म्हणावं तिला. मी आहे ना!”

हेच ते शब्द, ज्यांपायी हा अर्ज लिहिण्याची पाळी आली.

३. फाटका पोशाख टॉवेलमध्ये गुंडाळून सौभाग्यवतीने आणून दिला. अर्जदाराने तो स्कूटरच्या सीटवर पसरला, डिकीतून सोल्युशन व ठिगळ काढले, सोल्युशन लावून ते सुकू दिले, ठिगळ बसविले आणि वरून बेताने हातोडी मारली. फाटलेल्या जागेलगत एक छोटा चौकोनी छाप होता. तो अर्जदारास दुकानदाराचे लेबल वाटला. ट्यूबला ठिगळ लावताना भोकाच्या चारही बाजूंनी ते भरपूर पुढे घ्यावे लागते, नाहीतर कडेने हवा जाते. तीच हाताची सवय येथे नडली. तो छाप म्हणजे पोशाखाच्या मान्यतेचा शिक्का होता आणि तो ठिगळाखाली पूर्ण झाकला गेला. सूनबाईंनी घाईत पोशाख चढविला. ठिगळ पाठीमागे असल्याने त्याखाली शिक्का झाकला गेल्याचे त्यांस दिसले नाही. काळ्यावर काळे असल्याने तपासणीतही ते कोणाच्या नजरेस आले नाही.

४. सूनबाई शर्यतीत दुसऱ्या आल्या. अर्जदार वर प्रेक्षकांत उभा राहून टाळ्या वाजवीत असतानाच, पाण्यातून बाहेर येताना ठिगळाची एक कड सुटलेली पंचबाईंस दिसली. पुढील संभाषण अर्जदाराने स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

पंचबाई म्हणाल्या, “हे काय चिकटवलंयस गं?”

सूनबाईंस धाप लागलेली होती. त्या म्हणाल्या, “ठिगळ आहे. सासऱ्यांनी लावलं.”

“सासऱ्यांनी? आणि मान्यतेचा शिक्का कुठाय?”

“त्याच्याच खाली असेल.”

यावर आसपासचे हसले. हसणारांत एक असेही म्हणाला, “मग हवा पण भरून दिली असेल!” त्या क्षणी सूनबाईंनी वर अर्जदाराकडे पाहिले, आणि त्यानंतर आतापर्यंत त्या अर्जदाराशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

५. आपल्या कार्यालयातील लिपिकसाहेबांनी अर्जदारास नियम वाचून दाखविले. पोशाखास काहीही चिकटवू नये, ज्यातून पाणी पाझरत नाही असे कापड वापरू नये, मान्यतेचा शिक्का उघडा दिसावा. तिन्ही नियम अर्जदारास मान्य आहेत व तिन्ही अर्जदारानेच मोडले आहेत. सबब आजचा निकाल रद्द केल्याबद्दल अर्जदाराची काहीएक तक्रार नाही. तक्रार आहे ती सूचनेतील “वेग वाढविण्याच्या हेतूने अमान्य पोशाख जाणूनबुजून वापरला” या वाक्याबद्दल.

महोदय, ठिगळाने वेग वाढता, तर अर्जदाराच्या दुकानातून बाहेर पडणारे प्रत्येक वाहन विमान झाले असते. अनुभव उलट आहे. गिऱ्हाईक पुन्हा ढकलतच परत येते. तरीही समितीस शंका असल्यास खात्री करून घेण्याचा सोपा मार्ग अर्जदार सुचवितो. तसलेच ठिगळ अर्जदाराच्या कमरेस चिकटवावे आणि अर्जदारास तलावाच्या खोल बाजूस सोडावे. अर्जदारास पोहता येत नाही, त्यामुळे ठिगळाचा माणसाला कितपत आधार होतो ते समितीच्या ताबडतोब निदर्शनास येईल. तसेच, बंदी कोणावर तरी घालणे कार्यालयास अत्यावश्यकच असल्यास ती अर्जदारावर घालावी. वर्षाची नको, आजन्म घालावी. अर्जदार ती इमानेइतबारे पाळील.

६. दुपारी आपण अर्जदारास म्हणालात की, “काका, ठिगळ काढा, शिक्का दाखवा, विषय संपला.” आपले म्हणणे न्यायाचे आहे. परंतु अर्जदाराने लावलेले ठिगळ निघत नाही. एरवी ही अभिमानाची गोष्ट होती. पेट्रोल लावावे तर असले कापड विरघळेल, ओढावे तर कापडासकट येईल आणि पोशाख कायमचा निकामी होईल. मग उद्या सूनबाईंनी तोच सैल पोशाख घालावयाचा, अन् तोही शर्यतीस उतरू दिले तर. यास्तव अर्जदाराने विनविले होते की, शिक्का सापडल्यास बंदी उठेल एवढे आधी लिहून द्यावे. आपण उत्तर दिलेत, “इथे सौदा चालत नाही.” अर्जदारास ते लागले, कारण अर्जदार सौदा करीत नव्हता. अर्जदारास भीती वाटत होती, एवढेच.

मुलगा घरी बाळाजवळ आहे. त्यास फोन केला असता तो म्हणाला, “बाबा, तुम्ही तिलाही ट्यूब समजलात का हो?” सौभाग्यवती जवळच उभी आहे, तीही सांत्वन करीत नाही. “गावभरची पंक्चरं काढता ना, आता हे निस्तरा,” असे तिचे म्हणणे. अर्जदारास घरातही वकील उरलेला नाही. पोशाख मांडीवर घेऊन, सुटलेली कड चिमटीत धरायची व पुन्हा सोडायची, असे बराच वेळ चाललेले आहे. हात धजत नाही.

७. येथवर मजकूर लिहून होतो तोच सूनबाई स्वतः येथे आल्या. ओले केस तसेच होते. त्यांनी अर्जदाराच्या हातातून हा अर्ज घेतला व उभ्याउभ्या सगळा वाचला. खोल बाजूचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “बाबा, तुम्हाला पाण्यात सोडायचं म्हणता, आणि एक कापड फाडवत नाही?”

अर्जदार म्हणाला, “अगं, उद्या काय घालशील?”

“सैल तर सैल. पाणी भरेल तेवढं ओढीन. पण फसवलं म्हणून घरी बसणार नाही.”

असे म्हणून त्यांनी मांडीवरील पोशाख उचलला, एक टोक अर्जदाराच्या हाती दिले आणि म्हणाल्या, “घट्ट धरा.” अर्जदाराने धरले. त्यांनी एकाच हिसक्यात ठिगळ ओढले. फाटल्याचा आवाज आपल्या कार्यालयातही आला असावा, कारण लिपिकसाहेब दारात येऊन पाहून गेले. कापड अर्जदाराच्या अपेक्षेप्रमाणेच गेले. शिक्का निघाला. मात्र तो अखंड निघाला नाही. डावा अर्धा पोशाखावर राहिला आहे आणि उजवा अर्धा कापडासकट ठिगळास चिकटून आलेला आहे.

८. सबब विनंती एवढीच की, आजची शर्यत गेली ती गेली. “जाणूनबुजून” हा शब्द सूचनेतून काढून घ्यावा, बंदी मागे घ्यावी आणि स्पर्धक क्रमांक अठरा यांचे नाव उद्याच्या यादीत ठेवावे. उद्या त्या सरावाच्याच पोशाखात उतरतील. त्यावरील शिक्का उघडा, स्पष्ट असून तो त्या तपासणीत स्वतः दाखवतील. अर्जदार उद्या स्कूटर घरी ठेवून येईल, त्यामुळे त्याच्याजवळ कोणतेही सामान असणार नाही. त्या कितव्या येतील हे अर्जदार सांगू शकत नाही. पाणी भरलेल्या पोशाखात पहिल्या तिघींत येणे कठीण आहे, हे त्यांसही कळते. तरी त्या आता खाली जाऊन खांदे मोकळे करीत आहेत. आपल्या खिडकीतून पाहिल्यास दिसतील.

यादी लागेपर्यंत अर्जदार या दारातून हलणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा, नम्र,
(सही)
हवावाले काका
स्पर्धक क्रमांक अठरा यांचे सासरे

दिनांक : स्पर्धेचा पहिला दिवस, सायंकाळ.

सोबत :
१. पोशाख, एक नग, फाटलेला. त्यावर शिक्क्याचा डावा भाग.
२. ठिगळ, एक नग. त्यावर शिक्क्याचा उजवा भाग.
कृपया दोन्ही नग एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत.