कुंभ्यापुढचा रकाना

खामगाव
शनिवार, १४ ऑक्टोबर २०२३

प्रिय नूरी,

बशीरचाचांची सीताफळं पोचली. दरवर्षीसारखी एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणि दरवर्षीसारखीच अर्धी एकाच दिवशी पिकलेली. या वेळी आजोळी राहून शिकणारी तुझी अदीबाच घेऊन आली, पिंपळगाव राजाहून एसटीत मांडीवर पिशवी सांभाळत. माझ्या हातात देताना म्हणाली, "नाना म्हने, डोये उघडल्याबिगर खाऊ नका म्हना मॅडमले." मी हसले, पण पिशवी अजून स्वयंपाकघरात तशीच आहे. एकही खाल्लं नाही.

पत्र पाहून तू म्हणशील, हिच्या फोनला काय झालं. फोनवर मी विषय बदलते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. गेल्या सोळा वर्षांत कितीदा तुला सांगायला घेतलं आणि मध्येच तुझ्या शिलाईच्या ऑर्डरी नाहीतर मोईजभाईंचा गुडघा काढून बसले. आज त्यांची चौकशीही करत नाही, रागावू नकोस.

अदीबा तुझ्यावर गेली आहे. परवा वर्गात चौकोनी खोडाचं उदाहरण विचारलं, तर सगळे तुळस म्हणाले आणि ही एकटी कुंभा म्हणाली. मला आपलं दुसरं वर्ष आठवलं. तुमच्या शेताचा तो बांध. कपाशीत तणाची काडी राहू न देणारे चाचा बांधावरच्या कुंभ्याला मात्र विळा लावू द्यायचे नाहीत. मधमाश्या येतात, शेजारच्या सिंधूताईला सोमवारी महादेवाला वाहायला पांढरी फुलं लागतात, तुझ्या अम्मीला कोवळ्या पानांची भाजी लागते, अशी त्यांची कारणं. मी पुस्तकातलं वर्णन वहीत उतरवून मोकळी झाले होते. तू खोड चिमटीत धरून फिरवलंस आणि मलाही फिरवायला लावलंस, तेव्हा त्याच्या चार कडा बोटांना कळल्या. समोरासमोर पानांच्या जोड्या, खोडाला वेढून बसलेला फुलांचा गेंद आणि त्या गेंदातून आरपार वर गेलेलं खोड, हे सगळं तू मला बोटानं दाखवलंस. फुलाचा खालचा रुंद ओठ माशीला बसायला, वरचा छोटा केसाळ ओठ टोपीसारखा. त्या टोपीत तू गवताची काडी घातलीस आणि ती केशरी पराग घेऊन बाहेर आली. मग फुलाखालच्या वाळलेल्या पेल्यातून चार बिया काढून माझ्या तळहातावर ठेवल्यास आणि म्हणालीस, "पाह्यल्याबिगर लिवू नको वं." मी त्या दिवशी आधीचं वर्णन खोडून नवं लिहिलं. त्याच उन्हाळ्यात तुझं लग्न झालं, तू कॉलेज सोडलंस आणि मी शिकत राहिले. आपल्या दोघींत खरी वनस्पतिशास्त्रज्ञ कोण होती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

२००७ साल आठवतं ना? तीन वर्षांच्या अदीबाला घेऊन तू माहेरी आली होतीस. बीटी कपाशी आल्यापासून बोंडअळीची धास्ती कमी झाली म्हणून लोक जरा कुठे स्वस्थ बसले, तर त्या साली पिठ्या ढेकूण आला. शेंडे पांढरे, पानं चिकट, पाठीवरचा पंप उतरवायला माणसांना फुरसत नव्हती. बांधावरच्या कोणकोणत्या तणांवर हा ढेकूण राहतो त्याची पाहणी आमच्या कॉलेजकडे आली. मी तेव्हा तासिकेवर शिकवत होते आणि हे काम वेळेत दिलं तर कायम होईन, असं डोक्यात होतं. तक्ता साधा होता. डावीकडे तणांची नावं, पुढे गावांचे रकाने. झाड तपासायचं आणि 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं. पाच गावं मी उन्हात हिंडून केली. त्या गावांतल्या बांधांवर कुंभा कुठेच नव्हता. सहावं आपलं पिंपळगाव, आणि तिथे मी शेतात गेलेच नाही. आईच्या हातचं जेवले, पंख्याखाली आडवी झाले आणि म्हटलं, आपल्या बांधात काय पाहायचं, तोंडपाठ आहे. खाटेवर बसून सगळे रकाने भरले. कुंभ्यापुढे पेन थांबलं होतं, नूरी. ते थांबलं होतं हेच मला विसरता येत नाही. गेंदात अडकलेली वाळकी फुलं पांढरी दिसतात, ढेकूणही पांढराच, असेलच की, अशी मी स्वतःची समजूत घातली. वरच्या सगळ्या ओळींत 'आहे' होतं. मी 'आहे' लिहिलं आणि झोपले.

महिन्याभरात पत्रक छापून आलं, 'बांधावरची ही तणं उपटून जाळा' म्हणून. खाली माझं नाव. पुढचं तू मला फोनवर कौतुकानं सांगितलं होतंस. शेजारचे दयारामभाऊ पत्रक घेऊन बांधावर आले, तर चाचा ऐकेनात, "माह्या बांधानं कोनाचं काय बिघडोलं बे?" म्हणून त्यांच्याशीच भांडले. मग दयारामभाऊंनी खालचं नाव वाचून दाखवलं. तेव्हा चाचा म्हणाले, "आपल्या अनुपमानं लिवलं म्हन्जे पाहूनच लिवलं असन." दोन दिवस ते स्वतः वाकून कुंभा उपटत होते. मुळासकट, फुलांसकट जाळला. तू हे सांगत होतीस, हसत होतीस, आणि मी पलीकडून "अच्छा, अच्छा" करत होते.

पुढच्या हंगामात ढेकूण ओसरला. तो सगळीकडेच ओसरला, जिथे एकही तण उपटलं नव्हतं तिथेही. पण चाचांनी ते माझ्या पत्रकाच्या खात्यावर घातलं आणि तेव्हापासून दर दसऱ्याच्या आसपास सीताफळं येऊ लागली. मी कायम झाले. सीताफळं खात राहिले. बांधावर पहिल्या वर्षी गाजरगवत आलं, मग चाचा तणनाशक मारू लागले, आता तिथे काहीच उगवत नाही. सिंधूताई फुलं विकत आणते. चाचांना खरं सांगायला एक दुपार पुरली असती. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून सांगितलं नाही, की सांगितलं नाही म्हणून ती वाढत गेली, ते मला आता सांगता येणार नाही.

यंदा अदीबानं प्रकल्पाला विषय निवडला कुंभा. मी दुसरा सुचवून पाहिला, ऐकलं नाही. गावात कुंभा आता एकाच ठिकाणी उरला आहे, कब्रस्तानाच्या भिंतीला लागून, रस्त्याच्या बाजूनं. पोरीनं दहा आठवडे दर रविवारी तिथली चाळीस झाडं भिंगानं तपासली. कोणत्या फुलावर कोणती माशी आली, पेल्यात चारऐवजी तीनच बिया कुठे धरल्या, सगळं टिपून ठेवलं. एक रकाना पिठ्या ढेकणाचाही होता.

गुरुवारी सीताफळांसोबत तिनं ती वही दिली. ढेकणाच्या रकान्यात दहा वेळा 'नाही' लिहिलेलं होतं, वेगवेगळ्या शाईत, एकदा पावसानं फुटलेलं. आणि ते दहाही 'नाही' एकाच निळ्या पेनानं खोडून वर 'आहे' केलं होतं. मी विचारलं, हे काय. तर म्हणाली, "नानानं पेटीतून तुमचं पत्रक काहाडून दाखवलं, मॅडम. त्याच्यात आहे लिवलं हाये. तुमी पाहूनच लिवलं असन, माहीच नजर चुकली." आणि मी काय केलं, तर खाली लिहिलं, 'तपासले, बरोबर', आणि सही केली. ती वही छातीशी धरून गेली.

काल मी पिंपळगावला गेले. भिंतीपाशी दोन तास उकिडवी बसून चाळीसच्या चाळीस झाडं पाहिली. एकावरही ढेकूण नाही. दुसऱ्या गावी, दुसऱ्या साली कुणाला सापडेलही, ते मला ठाऊक नाही, कारण मी पाहिलेलं नाही. उठले तेव्हा चाचा काठी टेकत मागे उभे होते, कधीपासून कोण जाणे. "अजूनबी पाहूनच लिवतं वं तू," म्हणाले. मी पदर सारखा केला आणि एसटी धरली.

म्हणून हे पत्र. उद्या मी पुन्हा जाणार आहे, तो जुना तक्ता घेऊन. चाचांच्या समोर बसून तो रकाना दाखवणार आहे. सोमवारी वर्गात सगळ्यांदेखत अदीबाची वही मागून माझी सही खोडणार आहे आणि तिचे दहा 'नाही' तिच्याच हातानं परत लिहायला लावणार आहे. पण काल मी पळाले तशी उद्याही पळेन, अशी मला भीती आहे, आणि मला धरून ठेवणारं तुझ्याशिवाय कुणी नाही. पत्र तुला मंगळवार-बुधवारपर्यंत मिळेल. वाचलंस की मला फोन करू नकोस, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. माहेरी येऊन अदीबाची वही उघड आणि स्वतः पाहा.

सोळा वर्षं उशिरा का होईना, तुझीच,
अनुपमा