टिपमधला वाटा

३ नोव्हेंबर, सोमवार

किळस! दुसरा शब्द सुचत नाही.

काल परत घेतला त्याने वाटा. दसऱ्यापासून सुरू आहे हे. आमच्या बारवर तांब्याचा एक मोठा मग असतो. गिऱ्हाईक उठताना त्यात टिप टाकतं, फोनवरून आलेलीही काढून त्यातच टाकायची. रविवारी दुपारी बार उघडण्याआधी मग उलटा करायचा आणि आम्ही चौघं बारटेंडर सारखं वाटून घेणार. मी गुडगावला लागले तेव्हापासूनची रीत. आता वाटे पाच. पाचवा मालकाचा!

का? तर शुक्रवार-शनिवार परीक्षितदादा स्वतः एप्रन बांधून बारमागे उभा राहतो. "मी पण खडा असतो ना यार, मेहनत करतो!" मेहनत म्हणजे काय – दोन बाटल्या हवेत उडवायच्या, त्यातली एक फोडायची, ओळखीच्यांना फुकट पाजायचं आणि फोटो काढून घ्यायचे. काचा अनुराग वेचतो. अनुराग गाझियाबादहून येतो, बारवर माझ्याएवढाच जुना. काल आपला वाटा उचलताना माझ्याकडे बघून नुसता हसला. ते हसणं डोक्यातून जात नाही.

दारू त्याची, जागा त्याची, नफा त्याचा. तेवढ्याने पोट भरत नाही? आणि मी त्याला दादा म्हणते! दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, तिथे सगळेच दादा म्हणायचे, ते तोंडात बसलं. साहेबाशी निदान भांडता येतं. दादाशी कसं भांडायचं? तोंडावर ‘तुम्ही’ म्हणते. इथे ‘तो’च म्हणणार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पगार झाला – आणि वाढ! दोन वर्षांनी! मी मागितलीही नव्हती. दादाचा मेसेज: "आपल्या माणसाचं आपणच बघायचं." मेट्रोत उभ्या उभ्या परत परत बॅलन्स बघत होते.

सोमवारी काय काय लिहून ठेवलंय मी वर. माणूस अगदीच वाईट नसतो बहुतेक.

१० नोव्हेंबर, सोमवार

बाबांना कानाचं मशीन घेतलं. लक्ष्मीनगरच्या दुकानातून, हप्त्यावर. वाढ आली म्हणून हिंमत केली. इथल्या केंद्राच्या मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेला माणूस, आणि हल्ली टीव्हीवर नुसती तोंडं हलताना बघत बसायचे. मशीन घातल्यावर पहिलं वाक्य काय? "हा फ्रिज एवढा ओरडतो?" मग बाल्कनीत जाऊन उभे राहिले. खाली भाजीवाला आरोळ्या ठोकत होता, त्याच्याकडे बघून एकटेच हसत होते. मला रडूच आलं.

आई म्हणाली, "बरं झालं बाई, माझा घसा वाचला. पण आता या घरात हळू बोलून काही लपणार नाही हं!"

काल पाचवा वाटा पुन्हा त्याच्याकडे गेला. मी गप्प. मिंधी झालेय मी, सरळ सरळ.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दादाने बसवून कॉफी पाजली. जानेवारीत नोएडाला नवा बार उघडतोय. तिथे हेड मी! आमच्या घरापासून, मयूर विहारहून, पंधरा-वीस मिनिटं – गुडगावची रोजची तंगडतोड संपली. माझ्या हाताखाली टीम. मेन्यू माझा. कधीपासून मनात धरून होते!

मी हसतेय तेवढ्यात म्हणाला, "बस, एक काम कर. टीमला जरा समजाव, हिश्शाचं. मी सांगितलं की मालकगिरी वाटते. तू सांगितलंस तर घरचं वाटेल."

म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात त्याचा आणि हातमोजा मी.

‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. "बघते दादा" बाहेर पडलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल सांगितलं. मग उलटा करायच्या आधी, माझ्या तोंडाने: "सर भी तो खड़े होते हैं। एक हिस्सा तो बनता है।" बाकीचे दोघं फोनमध्ये बघत राहिले. अनुराग म्हणाला, "आप बोल रही हैं तो ठीक है, मैडम।"

इतकी वर्षं नुसतं लुंबिनी म्हणायचा. काल मैडम!

घरी येऊन दात घासले. सकाळी उठून परत घासले. तोंडातली चव जात नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मशीनने घात केला!

दुपारी अनुरागचा फोन आला. मी नेहमीसारखी बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारत बोलत होते. बाबा शेजारी पेपर घेऊन बसलेले – इतकी वर्षं त्यांच्यासमोर काहीही बोललं तरी चालायचं ना! मी म्हणत होते, "हाँ भई, गलत है, मुझे भी पता है। टिप के मग में मालिक का कैसा हिस्सा? बस नोएडा हो जाने दे यार, फिर देखती हूँ।" फोन ठेवला, तर पेपर खाली आलेला.

"तू टिप घेतेस?"

बाबांना मी सांगून ठेवलं होतं, आमच्याकडे टिप नसते. सांगणार कशी खरं? नोकरीत कुणाच्या चहाचे मिंधे झाले नाहीत. दिवाळीत ऑफिसात आलेले मिठाईचे डबे आल्या पावली परत पाठवायचे, आणि आई चडफडायची. देतही नाहीत कुणाला. रिक्षावाल्याचे सुट्टे पैसे शेवटच्या नाण्यापर्यंत मोजून घेतात. मी बारमध्ये काम करते हे त्यांनी कसंबसं गिळलं – "पगार आहे ना? मग नोकरी आहे."

"टिप म्हणजे काय गं? काम करायचं एकाचं, आणि दुसऱ्याच्या मर्जीची वाट बघायची."

मी भडकले. म्हटलं, मी चांगलं बनवते म्हणून देतात, भीक नाही ती!

"चांगलं बनवतेस तर मालकानं पगार वाढवावा."

"वाढवलाय की! तुमच्या कानात काय आहे मग?"

बोलून गेले आणि जीभ चावली. बाबा चिडले नाहीत. पेपरची घडी घातली आणि सांगायला लागले – हे त्यांनी मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. त्यांचे आजोबा, परभणीकडच्या गावात येसकर. दिवसभर गावाची कामं करायची – निरोप पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची – आणि संध्याकाळी टोपली घेऊन दारोदार उभं राहायचं. वरून टाकलेली भाकर झेलायची. मिळेल ती, असेल तशी, कधी बुरसलेली. बाबांच्या वडिलांनी धम्म घेतला आणि ती टोपली चुलीत घातली. उपाशी राहिले काही दिवस, पण परत टोपली केली नाही.

"म्हणून मला टिप आवडत नाही. पण तुझं तू बघ, तू शिकलेली आहेस. मला हे दुसरंच कळत नाही, मालकाच्या वाट्याचं." मग जरा थांबून म्हणाले, "लुंबिनी, आमच्या गावचा पाटील कसा होता ते मी आजोबांकडून ऐकलंय. सांगण्यासारखा नव्हता. पण येसकराच्या टोपलीत त्यानंही कधी हात घातला नाही गं."

मी उठून आत गेले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बाबा बोलत नाहीत. मशीन मात्र घालून बसतात. कोणी बोलतच नाही तर ऐकणार काय!

२३ नोव्हेंबर, रविवार

काल बाबा बारमध्ये आले!!

संध्याकाळी, नुकतेच दिवे लावले होते. ऑफिसचा जुना ब्लेझर, गळ्यात मफलर, सगळं कडक. मयूर विहारहून एकटे मेट्रो बदलून आले. माझ्या हातातून लिंबू सुटलं. थेट बारपाशी येऊन उंच स्टुलावर चढून बसले, ज्या दिमाखात मीटिंगला बसत असतील तसे. "लिंबू-सोडा मिळेल?"

शनिवार, म्हणजे एप्रन घालून दादा हजर. मी ओळख करून दिली तर खुशच झाला. "अरे काका! आपली मराठी माणसं इथे येतच नाहीत. मी स्वतः बनवतो तुमचा सोडा." बनवला, बर्फ उडवून-बिडवून. मूळ गाव विचारलं. मग, "आडनाव काय तुमचं?" – माझं दर महिन्याला पगाराच्या यादीत बघतो तरी! बाबांनी सांगितलं. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि परत, "आडनाव काय म्हणालात?" बाबांनी परत सांगितलं, तितक्याच शांतपणे. "अच्छा अच्छा," म्हणाला. मला वाटलं, हातातली सुरी खाली ठेवलेली बरी.

बाबांनी बिल चुकतं केलं, सुट्ट्यासकट. मग पाकिटातून शंभराची नोट काढली. तांब्याचा मग समोरच होता, त्यात नाही टाकली. दादापुढे धरली.

"घ्या."

"हे काय काका!"

"टिप. सोडा चांगला केलात."

दादा हसला. "अहो, मी मालक आहे इथला."

"ठाऊक आहे. पण तुमचाही वाटा असतो ना टिपमध्ये?"

"ते वेगळं..."

"वेगळं कसं?" बाबांचा आवाज मुळातच मोठा, त्यात गाण्यांचा गोंगाट. आजूबाजूचे चार लोक वळले. "मगातून काढून घेता, मग हातात घ्यायला लाज कसली?"

दादाचे कान लालबुंद! हात पाठीमागे घेतले, शाळेत छडी चुकवतात तसे. मालकाला कुणी टिप देऊ केली तर अपमान – आणि मालक म्हणूनच टिपमधला वाटा हक्काचा! इतके दिवस मला जे बोलता आलं नाही ते या म्हाताऱ्याने शंभर रुपयांत दाखवलं.

मग बाबा अनुरागकडे वळले. आयुष्यात ज्यांनी कुणाला टिप दिली नाही, त्यांनी ती नोट त्याच्या हातात ठेवली. "बेटा, ये तुम्हारा है। उसमें मत डालना।" त्यांचं सरकारी हिंदी! अनुराग वाकून त्यांच्या पाया पडला.

दादा एप्रन काढून ऑफिसात निघून गेला. नोएडा गेली. गेली तर जाऊ दे! घरी आले तेव्हा बाबा झोपले होते, मशीन उशाशी डबीत. मी डबीवरून हात फिरवला आणि झोपले. दात घासायचे विसरले!

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल तांब्याचा मग उलटा केला. चार वाटे! दादा दाराशी येऊन म्हणाला, "मेरा मत निकालना. आजपासून नको." एवढंच. आमच्या चौघांचे चेहरे काय झाले असतील! अनुरागने बाबांची नोट फोनच्या कव्हरमागे ठेवलीय, खर्च करणार नाही म्हणतो. आणि जाताना हाक मारली ती – "लुंबिनी!"

बाबांना सांगितलं. "हं," म्हणाले. पण संध्याकाळी आईला स्वतःहून चहा करून दिला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दादाने बोलावलं. राग नाही, काही नाही. म्हणाला, "बघ लुंबिनी, आता मी हिस्सा घेत नाही, तर या महिन्यापासून तुझी वाढ पण बंद. ती त्यातूनच देत होतो. पार्टनर एक पैसा वाढवायला तयार नव्हते. मी म्हटलं, मुलगी आपली आहे, करू काहीतरी. नोएडाच्या हेडचा पगार पण असाच बसवला होता, ते पण राहिलं आता." दिलेली मात्र परत मागत नाही म्हणाला. मोठं मन!

अनुरागच्या टोपलीतली भाकर. मी खाल्ली. बाबांच्या कानात घातली.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "त्या पोराला कधी सांगतेस?" असं विचारलं, आणि मशीन काढून डबीत ठेवून डबी माझ्यापुढे सरकवली.

मी "बघते बाबा" असं काहीतरी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. बरं झालं.