कापशी, शिक्रा, बहिरी

ठाणे, ता. ३ जानेवारी १९५६
संकल्प: शिकारी पक्ष्यांच्या मराठी नावांचा कोश. प्रत्येक नावाचा अर्थ, व्युत्पत्ती. सहा महिन्यांत पूर्ण. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत आलेल्या माणसाने हे करायचं नाही तर कोणी? रोज सकाळी तासभर प्रत्यक्ष निरीक्षण.

ता. ४ जानेवारी
निरीक्षण नाही. धुकं.

ता. ९ जानेवारी
अजून धुकं. सौ. शुभदा म्हणते, ऊन लख्ख पडलंय. तिला धुक्यातलं काय कळतंय.

ता. १५ जानेवारी
आज मागच्या अंगणात मीठवाली रंगूबाई आली. तारेवरच्या पक्ष्याकडे बोट करून मी तिला सांगितलं, ही घार. ती म्हणाली, नाही मास्तर, ही कापशी, कापसासारखी पांढरी असते म्हणून कापशी. पांढरी? मला करडा ठिपका दिसला. खाडीकाठची माणसं रंगांच्या बाबतीत ढिली. तरी नाव टिपून घेतलं.

ता. २ फेब्रुवारी
हेडमास्तरांनी बोलावलं. फळ्यावर माझ्या ओळी एकमेकींवर चढतात अशी पालकांची तक्रार. डोळे तपासून घ्या, म्हणाले. मी म्हटलं, आधी फळ्याला रंग द्या. सुधारणा झाली नाही तर जूनपासून वेगळा विचार करावा लागेल, असंही म्हणाले. फळ्याबद्दलच असावं.

ता. ३ फेब्रुवारी
हिला सांगायला नको होतं. डॉक्टरांकडे चला म्हणून सकाळपासून मागे लागली. तिच्या वडिलांना मोतीबिंदू झाला होता, तेव्हापासून तिला जिकडेतिकडे मोतीबिंदूच दिसतो. कोश झाल्यावर बघू म्हटलं. आता वर्तमानपत्र तीच वाचून दाखवते. माझा तेवढाच वेळ वाचतो.

ता. १९ फेब्रुवारी
नौपाड्यातल्या वाचनालयाचे चिटणीस मधु गुप्ते आले. ११ मार्चला माझं व्याख्यान ठरलं. कोशाची प्रगती विचारली. नावं नऊ झालीत, पण पाया पक्का आहे. त्यांना नमुने ऐकवले. शिक्रा: मूळ संस्कृत 'शीघ्र'. बहिरी ससाणा: याला ऐकू येत नाही. कान गेले की निसर्ग नजर तीक्ष्ण करतो. गुप्ते म्हणाले, शिक्रा फारसीतला ना, आणि बहिरी म्हणजे दर्यावरचा असं त्यांनी वाचलंय. चिटणीस झालं की माणसाला सगळंच वाचल्यासारखं वाटतं. त्यांना चहा दिला.

ता. ५ मार्च
निरीक्षण बंद. व्याख्यानाची तयारी महत्त्वाची. वर्गात आज फळा वापरलाच नाही. तोंडी शिकवणं हीच खरी पद्धत.

ता. ११ मार्च, सकाळी
टिपणं नेणार नाही. माझंच अक्षर अलीकडे बारीक येतं. सगळं पाठ आहे.

ता. ११ मार्च, संध्याकाळी ७
अपूर्व. पावणेदोन तास बोललो. सुरुवातीला थोडी कुजबुज होती. शिक्र्याच्या व्युत्पत्तीला खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. नीट ऐकू यावं म्हणून लोक पुढे येत होते. बहिऱ्या ससाण्यापासून पुढे तर सभागृह इतकं शांत की माझा श्वास मला ऐकू येत होता. हेडमास्तरही आले होते. जूनची काळजी मिटली. घरी येताना ही काहीच बोलली नाही. भारावली असावी.

ता. १२ मार्च
हिला विचारलं, पुढे येऊन कोण कोण बसलं होतं, आभाराची पत्रं टाकायची आहेत. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. म्हणाली, कोणी पुढे आलं नाही, लोक उठून जात होते. हेडमास्तर निम्म्यावर गेले. शेवटचा पाऊण तास ती आणि गुप्ते, दोघंच.
मी विचारलं, मग मला खूण का नाही केलीस.
म्हणाली, केली. तीनदा हात वर केला. तुम्ही माझ्याकडेच बघून बोलत होतात.

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. जिन्यावर हिने हात धरला. सोडवून घेतला नाही.